उच्छिष्टातून उगवलेले अन्न

शहरांत राहणाऱ्या अनेक कुटुंबांत अलीकडे एक चांगला परिपाठ पडत चालला आहे. गच्चीवर, सज्जात किंवा खिडकीच्या जाळीत तेलाचे जुने डबे, गळक्या बादल्या, फुटके माठ, धान्याच्या गोण्या, फळांची खोकी ठेवावयाची. त्यांत मेथी, कोथिंबीर, मिरची, वांगी लावावयाची. आणि भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, ताटात उरलेले अन्न यांचे खत करून तेच त्या रोपांस घालावयाचे. यास पैसा जवळजवळ लागत नाही, आणि घरचा कचराही दारातून फारसा बाहेर जात नाही. या उद्योगाचे व्यावहारिक लाभ सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु श्रद्धावान घरांतून जी शंका हळू आवाजात विचारली जाते, तिचे उत्तर सहसा कोणी देत नाही. ती शंका अशी : जे उष्टे-खरकटे आपण शिवलो असता हात धुतो, त्याच्यावर वाढलेली भाजी देवास नैवेद्य म्हणून कशी दाखवावी ? आणि जी देवास दाखविता येत नाही, ती आपण तरी का खावी ?

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगताना शिळे, रस गेलेले, दुर्गंधी सुटलेले आणि उष्टे अन्न तामस जनांच्या आवडीचे म्हणून स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे शंकाकाराच्या बाजूस प्रत्यक्ष गीतावचन आहे. पूर्वपक्ष इतका बळकट असता केवळ 'जुन्या समजुती आहेत' असे म्हणून त्यास झटकून टाकणे हे विचाराचे लक्षण नव्हे.

तेव्हा प्रथम शब्दाचाच विचार करू. संस्कृतातून देशभाषांत उतरवण्याचे काम करणाऱ्यास 'उच्छिष्ट' या शब्दापाशी नेहमीच थबकावे लागते. मराठीतील 'उष्टे' हे त्याचेच अपभ्रष्ट रूप. हिंदीत त्यास 'जूठा' म्हणतात, बंगालीत 'एँटो', कानडीत 'एंजलु', तेलुगूत 'एंगिली', तमिळमध्ये 'एच्चिल'. या सर्व शब्दांत किळस आहे. परंतु मूळ धातूत ती नाही. 'शिष्' म्हणजे उरणे, मागे राहणे. त्यापासूनच 'शेष', 'अवशेष', 'विशेष' हे शब्द झाले. (सभ्य या अर्थाचा 'शिष्ट' शब्द मात्र 'शास्' धातूपासून आला आहे, त्याचा येथे संबंध नाही.) आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायात जे अन्न खाणारे सज्जन सर्व पापांतून सुटतात असे सांगितले आहे, त्या अन्नास भगवंतांनी दिलेले नाव 'यज्ञशिष्ट' असे आहे. यज्ञशिष्ट आणि उच्छिष्ट : धातू एकच. एक परम पवित्र, दुसरे तामस. दोन्ही उरलेलेच. मग भेद कोठे आहे ?

भेद उरण्यात नाही, कशातून उरले यात आहे. देऊन झाल्यावर जे उरते ते यज्ञशिष्ट; भोगून झाल्यावर जे उरते ते उच्छिष्ट. एकात पूर्वी अर्पण आहे, दुसऱ्यात पूर्वी भोग आहे. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात तर उच्छिष्टाचेच एक स्वतंत्र सूक्त आहे, आणि त्यात नामरूपात्मक सर्व जगत् त्या उर्वरिताच्या आधारावर उभे आहे असे वर्णिले आहे. पुराणांनी पृथ्वी ज्याच्या मस्तकावर ठेवली त्या नागाचे नावही 'शेष' हेच आहे. प्राचीनांना उरलेल्या वस्तूची घृणा नव्हती, उलट तिचे गूढ वाटत असे. घृणा आहे ती भोगून टाकलेल्या वस्तूस तशीच पुन्हा भोगण्याची. सतराव्या अध्यायातील वचन हे खाणाऱ्याच्या रुचीविषयी आहे. उष्टे ज्याला प्रिय वाटते तो तामस, असा त्याचा आशय आहे. उष्ट्याचे पुढे काय करावे, याविषयी ते वचन काही सांगत नाही.

येथे कोणी म्हणेल, की हे शब्दांचे खेळ झाले. रोपाच्या मुळांतून तेच उष्टे भाजीत येते की नाही ते सांगा. तेव्हा वस्तुस्थिती पाहू. वनस्पती आपण टाकलेली पोळी किंवा भाताचे शीत ओढून घेत नाहीत. माती व खत यांतील असंख्य सूक्ष्म जीव प्रथम त्याचे विघटन करतात. त्यातील नत्र अमोनियाच्या व नंतर नायट्रेटच्या रूपास येते, स्फुरद व पालाश पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांच्या रूपास येतात, आणि तेवढेच मुळे शोषून घेतात. वनस्पती खनिज द्रव्यांवर पोसल्या जातात हा सिद्धांत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८४० साली आग्रहाने मांडला, आणि तेव्हापासून तो अधिकाधिक स्पष्टच होत गेला आहे. शेणातून आलेले नत्र, पालापाचोळ्यातून आलेले नत्र आणि कालच्या आमटीतून आलेले नत्र यांत मूळ काही भेद करीत नाही. ज्या क्षणी ते मुळात शिरले त्या क्षणी त्याचे उच्छिष्टत्व उरलेलेच नसते. कारण उच्छिष्टत्व हा द्रव्याचा गुण नसून आपल्या भोगाशी असलेला त्याचा संबंध होता, आणि तो संबंध मातीने तोडून टाकला.

धर्मशास्त्रकारांस हे अगदीच अज्ञात होते असे नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्धी करणाऱ्या गोष्टींची जी यादी आहे, तिच्यात ज्ञान, तप यांच्या बरोबरीने अग्नी, माती, पाणी, वारा, सूर्य आणि काळ यांचीही गणना केली आहे. आता खताच्या माठात काय घडते पाहा. त्यात माती असते, ओल असते, भोकांतून वारा खेळतो, वरून ऊन तापते, आतून उष्णता निर्माण होते, आणि या सर्वांवर काळ काम करतो. शास्त्राने सांगितलेली इतकी शोधके एकाच भांड्यात एकत्र आलेली दुसरीकडे क्वचितच आढळतील. मोठ्या ढिगात ही उष्णता ६० अंशांच्या आसपास जाते. घरच्या लहान माठात ती इतकी चढत नाही, म्हणून तेथे काळास अधिक अवधी द्यावा लागतो. घाई केल्यास शुद्धी अपुरी राहते, हे शास्त्रदृष्ट्याही खरे आणि व्यवहारदृष्ट्याही खरे.

शिवाय परंपरेत खत हे कधीच निंद्य मानलेले नाही. 'कृषिपराशर' या ग्रंथात माघ महिन्यात खताच्या ढिगाची पूजा करून तो कुदळीने उकरावा, उन्हात वाळवावा, फाल्गुनात शेतोशेती खड्डे करून त्यांत ठेवावा असा विधी दिला आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांचा उपयोग सांगितला. कौटिल्याने तर अंकुरांस माशांचे खत घालावयास सांगितले आहे, आणि ते धान्य राजाच्या कोठारात जाऊन तेथून यज्ञासही जात असे, हे उघड आहे. बाजारातून आणलेल्या भाजीच्या मुळाशी काय घातले होते हे आपण कधी विचारीत नाही. तिला धुऊन नि:शंकपणे नैवेद्यात घालतो. मग घरच्या, डोळ्यांदेखत वाढलेल्या भाजीपुरतीच ही शंका का यावी ? याचे कारण इतकेच, की येथे पडदा नाही. अन्न कशातून येते हे येथे दिसते, आणि दिसल्यामुळे शंका येते.

आपल्या देशात टाकाऊ पदार्थांच्या खताचे पद्धतशीर शास्त्र रचले गेले ते इंदूर येथे. तेथील वनस्पतिसंशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काम केले आणि यशवंत वाड यांच्या सहकार्याने १९३१ साली शेतीतील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर द्यावयाचे, ओल राखावयाची, वरचेवर वरखाली करावयाचे, आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार. 'इंदूर पद्धती' या नावाने ती जगभर गेली. या पद्धतीत नवे असे थोडेच होते. शेतकऱ्यांचे जुने ज्ञान काटेकोरपणे तपासून ते मांडले गेले होते. पुढे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'ने हीच दृष्टी शहरातील गच्चीपर्यंत आणली. उसाचे चिपाड, पालापाचोळा आणि थोडीशी माती एवढ्यावर पीक घेता येते हे त्यांनी लोकांकडूनच करवून दाखविले.

घरी करावयाचे ते याहून सोपे आहे. दोन जुने माठ घ्यावेत. त्यांस बाजूंनी व तळाशी भोके पाडावीत. तळाशी वाळलेली पाने किंवा नारळाचा काथ्या घालावा. रोजचा ओला कचरा टाकला की त्यावर तितकाच, किंबहुना दुप्पट, सुका पाला पसरावा आणि मूठभर माती किंवा जुने खत भुरभुरावे. आरंभी चमचाभर आंबट ताक घातल्यास चालते. तीन-चार दिवसांनी काठीने हलवावे. दुर्गंधी येऊ लागली तर ओल फार झाली असे समजून सुका पाला वाढवावा. मुंग्या झाल्या तर कोरडे पडले असे समजून पाणी शिंपडावे. एक माठ भरला की तो झाकून ठेवावा आणि दुसरा भरावयास घ्यावा. दोन-तीन महिन्यांत पहिल्या माठातील द्रव्य काळे, भुरभुरीत होते आणि त्यास पहिल्या पावसानंतर मातीस येतो तसा वास येतो. मीठ व तेल मुरलेले शिजलेले अन्न मात्र थोडेच घालावे, तेही पाण्याने विसळून. क्षार साठल्यास रोपे कोमेजतात. लिंबाच्या सालीही फार नकोत.

त्या वासाविषयी थोडे विषयांतर करतो. तो वास मातीतील विशिष्ट जातीचे सूक्ष्म जीव निर्माण करतात. ज्या द्रव्यामुळे तो येतो त्यास १९६५ साली शास्त्रज्ञांनी 'जिओस्मिन', म्हणजे पृथ्वीचा गंध, असे नाव दिले. गीतेच्या सातव्या अध्यायात पृथ्वीमधील पवित्र गंध म्हणजे मीच, असे भगवंत सांगतात. महिन्यापूर्वी नाक धरावे लागत होते त्याच माठातून हा गंध येऊ लागतो, तेव्हा शुद्धी झाली की नाही याचा निर्णय करण्यास आणखी कोणते प्रमाण पाहिजे ?

डब्यांविषयी दुसरी शंका वृद्ध स्त्रिया विशेषतः काढतात : फुटके भांडे घरात ठेवू नये. हा नियम चांगलाच आहे. फुटक्या भांड्यात पाणी भरले असता घाण साचते, धार लागून हात कापतो, आणि निरुपयोगी वस्तूंचा ढीग घरात अलक्ष्मी आणतो. परंतु ज्या भांड्यास नवे काम दिले ते त्या अर्थाने फुटके राहिलेच नाही. कुंडीस तळाशी भोक लागतेच, आणि गळक्या घागरीस ते आयतेच असते. तळाशी बोटभर रुंद चार-पाच भोके पाडून त्यांवर खापरीचा तुकडा ठेवावा, म्हणजे पाणी जाते आणि माती राहते. मेथी, कोथिंबीर, पालक यांस वीतभर खोली पुरते. मिरची, वांगी, टोमॅटो यांस हातभर खोल डबा हवा. पालेभाजीस चार तास ऊन मिळाले तरी भागते, फळभाजीस सहा तास तरी पाहिजे. बियाणेही बहुधा स्वयंपाकघरातच सापडते : डब्यातले धणे हलके रगडून दोन दले वेगळी केली की उगवतात, मेथ्या तर दुसऱ्याच दिवशी फुगतात, पुदिन्याची काडी पाण्यात मुळे धरते, मोड आलेले आले, अळूचे कंद, लसणीच्या पाकळ्या, सुक्या मिरचीतील बी, सर्व चालते. मात्र संकरित वाणाच्या टोमॅटोचे बी पेरून तसाच टोमॅटो येईल अशी अपेक्षा धरू नये.

दोन बाबतींत दक्षता घ्यावी. कीटकनाशकाचा, रसायनाचा किंवा तैलरंगाचा डबा कितीही धुतला तरी भाजीसाठी घेऊ नये. जुन्या तैलरंगांत शिसे भरपूर असे. भारतात त्यावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१७ सालापासून अमलात आली, पण अडगळीतला डबा किती जुना आहे हे कोण सांगणार? दुसरे, ओल्या मातीने भरलेला तेलाचा एक डबा सुमारे २० किलो भरतो. असे पन्नास डबे म्हणजे एक टन. ते गच्चीच्या मध्यभागी न मांडता तुळयांच्या व भिंतींच्या आधाराने मांडावेत, आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यास ओल लागू देऊ नये. स्वतःच्या धर्मकार्याने दुसऱ्याच्या छतास गळती लावणे यास पुण्य म्हणता येणार नाही.

आता मला जो या प्रश्नाचा खरा गाभा वाटतो तिकडे वळतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतीय घरांतून दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न, सालीदेठांसह, टाकले जाते असा अंदाज दिला आहे. चार माणसांचे कुटुंब धरले तर वर्षाला २२० किलो, म्हणजे दिवसाला सुमारे ६०० ग्रॅम. हे कोठे जाते ? मुंबईत देवनारची कचराभूमी १९२७ सालापासून भरली गेली. जानेवारी २०१६ मध्ये तिला आग लागली, आणि कित्येक दिवस त्या धुरात आसपासची वस्ती कोंडून राहिली. ओला कचरा हवेवाचून दडपला गेला की त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. तोच अशा आगी भडकवितो. त्या ढिगांवर वाकून, आपल्या शिळ्या भाताने माखलेल्या पिशव्या उघडून, त्यातून विकण्याजोगे काचेचे, लोखंडाचे तुकडे वेचणारी माणसे आहेत. त्यांत मुलेही असतात.

आपण स्वयंपाकघरात सोवळे पाळतो, उष्ट्यास शिवत नाही, आणि शिवलो तर हात धुतो. तेच उष्टे मिसळून, नासवून, एका पिशवीत बांधून दुसऱ्या मनुष्याच्या उघड्या हातांत देतो. आणि मग त्या हातांना अशुद्ध म्हणतो. आपली शुचिता ही त्याच्या अशुचितेवर उभी आहे; किंबहुना ती शुचिता नसून केवळ स्थानांतर आहे. शतकानुशतके समाजाच्या काही लोकांवर हे काम जन्माने लादले गेले आणि ते करतात म्हणून त्यांना दूर ठेवले गेले. यास धर्म म्हणणाऱ्यांनी तिसऱ्या अध्यायातील चोराची व्याख्या पुन्हा एकदा वाचावी. देवांनी दिलेले त्यांना परत न देता जो भोगतो तो चोर, असा तेथील आशय आहे. मातीने दिलेले मातीस परत न देणारा याच व्याख्येत येतो. आणि आपल्या भोगाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर टाकणारा, माझ्या मते, त्याहूनही पुढे गेलेला असतो.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला व सुका कचरा घरीच वेगळा करणे गृहस्थाचे कर्तव्य ठरविले. कायद्यास हे सांगावे लागले ही गोष्ट आपल्यास भूषणावह नाही. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ म्हणून जो भाग आहे, त्यात गृहस्थाने किडामुंगीपर्यंत सर्व जीवांचा वाटा काढावयाचा असतो. खताच्या माठात कोट्यवधी जीव जेवतात. तो वाटा रोज निघतो, आणि त्यासाठी कोणाच्या पाठीवर पिशवी द्यावी लागत नाही.

निर्माल्याचेही असेच. ते पायदळी येऊ नये म्हणून पूर्वजांनी वाहत्या पाण्यात सोडण्याची पद्धत घातली. तेव्हा फुले थोडी होती, नद्या वाहत होत्या आणि प्लॅस्टिकची पिशवी नव्हती. आज पुलावरून गाडीच्या काचेतून भिरकावलेले निर्माल्य कोणता आदर दाखविते ? ते वेगळ्या माठात मुरवून तुळशीच्या, जास्वंदीच्या मुळाशी घालावे. पायदळीही येत नाही आणि पुन्हा फूल होऊन पूजेस येते.

हे सर्व कंजूषपणा नव्हे काय, असा एक आक्षेप संपन्न घरांतून येतो. ज्याला बाजारातून घेता येते त्याने डबे आणि देठे का जपावीत ? यावर माझे म्हणणे असे, की कृपण आणि मितव्ययी यांचे बाह्य वर्तन पुष्कळदा सारखेच दिसते. दोघेही टाकीत नाहीत. परंतु कृपणाने राखलेले त्याच्याजवळच राहते. घरच्या चार डब्यांतून कुटुंबाची सर्व भाजी निघेल असे कोणी सांगत असेल तर ते खरे मानू नये. कोथिंबीर, मिरची, पुदिना, आठवड्यातून एकदोनदा पालेभाजी, इतकेच सामान्यतः निघते. पैशाचा हिशेब केला तर बचत बेताचीच. पण हातातून निघालेली मेथीची जुडी शेजारी देण्याचे सुख आणि रोप उन्हाने मान टाकते तेव्हा वाटणारी कळकळ, ही ज्याने अनुभवली त्यास भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून घासाघीस करावीशी वाटत नाही. तिच्यामागे किती दिवस गेले आहेत हे त्यास ठाऊक झालेले असते.

मावा पडला तर काय करावे, तो मारल्यास हिंसा होत नाही काय, हाही प्रश्न विचारला जातो. होते. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर यांपाशी घडणारी हिंसा गृहस्थास चुकत नाही हे शास्त्रानेच मान्य केले आहे, आणि अग्नीस जसा धूर तसा प्रत्येक कर्मास दोष लागलेलाच असतो, असे अठराव्या अध्यायातही सांगितले आहे. पाण्याच्या फवाऱ्याने मावा झाडून टाकावा, पान फारच भरले असेल तर ते खुडावे, निंबाच्या तेलाचे पाणी शिंपावे. विषापर्यंत जाण्याचे घरी कारण पडत नाही.

राहता राहिला ज्यांच्या खोलीत ऊनच येत नाही त्यांचा प्रश्न, आणि मोठ्या शहरांत असेच लोक अधिक आहेत. त्यांनी भाजीचा हट्ट धरू नये. माठ तेवढा ठेवावा. तो सावलीतही चालतो. तयार झालेले खत चाळीच्या, इमारतीच्या किंवा रस्त्याच्या कडेच्या झाडास घालावे, अथवा ज्याच्याकडे ऊन आहे त्यास द्यावे. मुंबई बंदर न्यासाच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराने या शतकाच्या आरंभी आपल्या ओल्या कचऱ्यावर इमारतीच्या गच्चीत फळझाडे व भाज्या वाढविल्या होत्या. हजारो माणसांच्या जेवणाचे उरलेले जेथे मुरू शकले, तेथे एका घराचे मुरावयास एक माठ आणि मूठभर सुका पाला पुरेसा आहे.